शोकसभेत मी का बोलले नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर भेटेल तो हेच विचारतो. सरांच्या शोकसभेत तुझं नाव पुकारलं, माईक हातात दिला, आणि 'मला जमणार नाही' म्हणून तू खाली का बसलीस? नागपूरच्या बर्डीवर भाजी घेताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एका बाईंनी तर मी तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकलं, "भरून आलं असेल गं." नाही हो. भरूनबिरून काही आलं नव्हतं. मी चिडले होते.

सर आम्हाला एम.ए.ला शेक्सपिअर शिकवत, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझा त्यांच्यावर जीव नव्हता, असंही समजू नका. त्यांनी दिलेली शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकाची प्रत आजही माझ्या उशाशी असते. समासात सगळ्या खुणा पेन्सिलीच्या, कारण पुस्तकावर पेन चालवणारा माणूस त्यांच्या हिशेबी गुन्हेगार. आणि अशा माणसाला त्या दिवशी व्यासपीठावरून 'मृदुभाषी' म्हटलं गेलं. मृदुभाषी! गाइड घेऊन वर्गात आलेल्या मुलाला दारातच "रद्दीवाल्यांनी मागच्या गेटनं यावं" म्हणणारे आमचे सर!

पण त्यावर मी हसून घेतलं असतं. घोळ झाला तो माझ्या आधी आमचा काटोलचा दोस्त बोलला म्हणून.

एम.ए.ला तो रोज काटोलहून पॅसेंजरनं यायचा, पास काढून. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी वाचून वाचून मिळवलेलं. मार्च संपत आला होता आणि लिअरचा शेवटचा प्रवेश चालू होता. म्हातारा राजा मेलेल्या मुलीला, कॉर्डेलियाला, हातांवर घेऊन येतो, आणि ती आता कधीच परत यायची नाही, हे म्हणताना 'नेव्हर' हा एकच शब्द पाच वेळा उच्चारतो. १६०८च्या क्वार्टोत, म्हणजे नाटकाच्या पहिल्या छापील प्रतीत, तो तीनदाच आहे, पाच वेळा येतो १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात. सरांनी हे आधीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं. मग त्याला वाचायला उभं केलं. त्यानं पाचही नेव्हर स्वच्छ वाचले, पण सगळे एका मापाचे.

"थांबा," सर म्हणाले. "ही काय स्टेशनवरची अनाउन्समेंट आहे?" आणि नाकातून सूर काढून, "कळमेश्वर, काटोल, नरखेड."

वर्ग फुटला. हशा ओसरतोय असं दिसल्यावर सरांनी पुन्हा तेच म्हटलं, त्याच सुरात. मला खुपतं ते हे दुसऱ्यांदा म्हणणं. पहिल्यांदा तोंडातून निसटलं असेल, सरांची जीभ तशीच होती. दुसऱ्यांदा निसटत नाही. त्याला "बसा" कुणी म्हटलंच नाही. पुढच्या मुलीनं वाचायला घेतलं, आणि तास संपेपर्यंत तो उभा होता, अंगठा त्याच ओळीवर ठेवून.

दोनेक दिवसांनी शिपाई चिठ्ठी घेऊन आला, रविवारी घरी या. दोस्त मला म्हणाला, "तू चाल ना संगं." म्हणून मी गेले. दार उघडल्याबरोबर सरांचा पहिला प्रश्न, "पॅसेंजर वेळेवर होती?" तो म्हणतो, आपुलकीनं विचारलं. मी म्हणते, टोमणा होता. यावर आमचं अजून जमलेलं नाही.

आत कूलर चालू होता. सरांनी तो बंद केला. "मोटरच्या आवाजात शब्दांचं वजन ऐकू येत नाही." मग टेबलाच्या काचेवर बोटानं वाजवून दाखवलं. नेहमीची ओळ हलकं-जड, हलकं-जड अशी चालते, पाच वेळा. इथे शेक्सपिअरनं ती उलटी केली आहे, जड आधी. "तोंड बंद. फक्त बोट." तो बोट वाजवत राहिला, सर मान हलवत राहिले, तिघंही घामानं निथळत होतो. काकूंनी आणलेल्या पोह्यांना कुणी हात लावला नाही. शेवटी त्यानं ओळ मोठ्यानं वाचली. सर 'छान' वगैरे काही म्हणाले नाहीत. उठले आणि कूलर लावला. नंतर असे कितीतरी रविवार झाले. माफी मात्र कधीच नाही.

शोकसभेत त्याची गोष्ट थेट रविवारपासून सुरू झाली. कूलर आला, टेबलाची काच आली, पोहेही आले. वर्ग आलाच नाही. लोक डोळे पुसत होते आणि माझं नाव पुकारलं गेलं. काय बोलणार? वर्गातलं सांगावं, तर त्याची गोष्ट चारचौघांत त्याच्या हातून हिसकावल्यासारखं. रविवारचंच सांगावं, तर ते माझ्या तोंडून अर्धं खोटं.

तेव्हाची मी असते, तर सगळं सांगून मोकळी झाले असते. नेहम टेट नावाच्या गृहस्थानं १६८१ साली लिअरचा शेवट गोड केला, कॉर्डेलियाला जिवंत ठेवून तिचं लग्नही लावलं, हे सरांनी शिकवलं तेव्हा मीच वर्गात म्हटलं होतं, काय मूर्खपणा! मॅक्रेडी नावाच्या नटानं १८३८मध्ये मूळ नाटक रंगमंचावर परत आणेपर्यंत टेटचाच शेवट चालला. सर म्हणाले, "दीडशे वर्षं प्रेक्षक मूर्ख नव्हते, मॅडम. त्यांना रात्री झोप हवी होती. डॉक्टर जॉन्सनसारख्या समीक्षकालासुद्धा मूळ शेवट पुन्हा वाचवेना, शेक्सपिअरचं संपादन अंगावर पडेपर्यंत." मग आमच्या दोस्तालाही त्याच्या पसंतीचा शेवट घेऊ द्यावा का? द्यावा, असं वाटतं. आणि लगेच वाटतं, कॉर्डेलिया काही टेटच्या बाकावर बसत नव्हती. हा बसत होता आमच्या.

सभेनंतर मीच त्याला फोन केला. वर्गातलं का गाळलंस?

"ते काय सांगाची गोष्ट हाय का? अन् तुला काहून इतका राग? उभा तं मी होतो."

मी म्हटलं, बरं, मग सरांनी दुसऱ्यांदा काहून म्हटलं?

"दुसऱ्यांदा?" तो म्हणाला. "एकदाच म्हटलं होतं त्यायनं."

दोनदा म्हटलं होतं. मी त्याच्या मागच्याच बाकावर होते.