डुक्कर फियाटची नोंदवही : दिवाळी ते वैशाख

मंडळी, मागची नोंद दिवाळीत लिहिली तेव्हा गाडी विटांवर उभी होती आणि इंजिन जाम होतं. परवा ती स्वतःच्या दमावर पारोळ्याहून एरंडोलला जाऊन आली. मधल्या सहा महिन्यांचं सगळं लिहिणार नाही. पण शेवटचा दोष सापडायला तीन आठवडे गेले आणि तो तुमच्याही गाडीत असू शकतो, म्हणून तेवढा नीट मांडते.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गाडी 1957 ची फियाट 1100. पुढे आलेल्या नाकामुळे आपल्याकडे जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. इंजिन 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला. माझे वडील, आप्पा, पारोळ्यात डॉक्टर होते. त्यांनी ती 1968 साली जुनीच घेतली. बोरी नदीकाठच्या गावांतली रात्री-अपरात्रीची बाळंतपणं, विंचू चावलेली पोरं, सगळं या गाडीने केलं. 1993 पासून ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. आप्पा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांना तिच्यात एकदा बसवायचं, एवढ्यासाठी हे काम हाती घेतलं.

जाम इंजिन. इथे भुसावळच्या काकांचे उपकार आहेत. रेल्वेत डिझेल इंजिनांवर फिटर होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी हँडलला (पुढून घालून इंजिन हाताने फिरवायचा दांडा) हात लावायला मनाई केली. "ताई, आधी वरचं झाकण काढा, व्हॉल्व्ह बघा." चारही प्लग काढले (ते ज्यात बसतात ते हेड ॲल्युमिनियमचं आहे, थ्रेड नाजूक असतात, थंड असतानाच काढा) आणि भोकांतून निम्मं डिझेल, निम्मं ऑइल ओतलं. टॅपेट कव्हर, म्हणजे ते वरचं झाकण, काढल्यावर दिसलं की तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये (तो ज्या नळीत सरकतो तिच्यात) घट्ट बसलाय. तसंच हँडल मारलं असतं तर त्याला ढकलणारा पुशरॉड वाकला असता. रोज सकाळी डिझेल, संध्याकाळी लाकडाच्या ठोकळ्यावरून हलके ठोके. व्हॉल्व्ह सहाव्या दिवशी सुटला. पिस्टन अकराव्या दिवशी हलले, तेही टॉप गिअर टाकून गाडी मागेपुढे झुलवल्यावर. बोटभर हललं तेव्हा काकांनी लगेच थांबवलं आणि पुन्हा डिझेल ओतायला लावलं. पूर्ण फेरा व्हायला आणखी दोन दिवस गेले. एकही रिंग तुटली नाही.

ब्रेक. चाळीसगावचा जीपवाला दादा हट्टाला पेटला होता की ब्रेक झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचंच नाही. त्याचं ऐकलं ते बरं झालं. मास्टर सिलिंडरला आतून खड्डे पडले होते. नवा शोधत न बसता जळगावला लेथवर बोर करून पितळी स्लीव्ह बसवून घेतली. चारही चाकांचे रबरी कप बदलले, पाइप नवे ओढले.

ठिणगी. जानेवारीत बॅटरी जोडली, ठिणगी नाही. पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) घासून गॅप 0.45 मि.मी. ठेवल्यावर आली, पण पिवळी आणि मेलेली. मी नवी कॉइल (बॅटरीचा दाब वाढवून ठिणगीला देते ती) मागवायला निघाले होते. धुळ्याचे रेडिओवाले चाचा म्हणाले, "बेटा, पहले कंडेन्सर नापने दो." त्यांच्या मीटरवर जिथे 0.2 मायक्रोफॅरड दिसायला हवं, तिथे काट्याने काही पकडलंच नाही. कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा कपॅसिटर) बदलला आणि त्याच जुन्या कॉइलवर निळी, कडक, आवाज करणारी ठिणगी आली. इतक्या वर्षांची ती कॉइल अजून गाडीत आहे.

प्लगच्या वायरीही कोणीतरी चुकीच्या लावल्या होत्या. पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून हँडल फिरवलं, दाब अंगठा उचलू लागला तिथून 1-3-4-2 हा ठिणगीचा क्रम मोजत पुन्हा जोडल्या.

26 जानेवारीला, झेंडावंदन करून आल्यावर, बाटलीतून पेट्रोल देऊन गाडी सुरू केली. तिसऱ्या हँडलला. शेजारची पोरं "गाडी चालू व्हई गई!" करत गल्लीभर ओरडत गेली. आप्पा ओट्यावर खुर्चीत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त कान देऊन ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "दोन नंबरचा टॅपेट वाजतोय." वाजत होता.

त्या दिवशी सगळ्यांना थांबवून घेतलं. पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली, भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या. चाचांनी तिसऱ्यांदा भरीत मागून घेतलं, याचा मला फार आनंद झाला.

टाकी. आत गंजाचा थर आणि जुन्या पेट्रोलचं वार्निश. सायकलची चेन टाकून, हलवून हलवून काढलं. टाकीला झाळ मारायची असेल तर आधी पुन्हा पुन्हा धुऊन वाफ पूर्ण घालवा, याबाबत कोणी घाई करू नका. इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या आजच्या पेट्रोलला टिकणाऱ्या घातल्या. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगतं आणि फाटतं.

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाडी गावात फिरली. किल्ल्यापर्यंत, बाजारापर्यंत, रोज थोडी. टाकीत कधी चार-पाच लिटरच्या वर पेट्रोल नव्हतं. एकदाही बंद पडली नाही. एप्रिलमध्ये एरंडोलला जायचं ठरवलं, टाकी फुल केली आणि सात किलोमीटरवर हायवेला गाडी खोकली, आचके दिले, बंद. वीस मिनिटांनी पुन्हा सुरू. पुन्हा तेच.

ऊन 43 अंश. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, व्हेपर लॉक. आपल्या खानदेशात वैशाखात जुनी गाडी बंद पडली की दुसरं काही सुचतच नाही. कारणही पटणारं होतं: पंप इंजिनला चिकटून बसलेला, तापला की पेट्रोलची आतच वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. आम्ही पाइप सायलेन्सरपासून लांब नेला, मध्ये पत्रा लावला, पंपावर ओलं फडकं गुंडाळलं. फडक्याने फरक पडला, गाडी सातऐवजी दहा किलोमीटर गेली. त्यामुळे आमची खात्री आणखी पक्की झाली. दादाने पंपाखाली जाड पॅकिंग घालायचं सुचवलं, काकांनी अडवलं: जाडी वाढली की पंपाच्या लिव्हरचा स्ट्रोक, म्हणजे हालचाल, कमी होते, पेट्रोलच कमी येईल.

गाडी गरम झाल्यावरच बंद पडते, तर कॉइल किंवा कंडेन्सरही असू शकतो. म्हणून बंद पडताक्षणी प्लग काढून ठिणगी बघितली. निळी, कडक. म्हणजे दोष पेट्रोलचाच. मग एक दिवस पहाटे साडेपाचला निघालो, हवेत गारवा होता. तरीही आठ किलोमीटरवर बंद.

घरी येऊन हे सांगत होते. आप्पांनी पेपर खाली ठेवला आणि अहिराणीत विचारलं, "झाकन उघाडं तवय आवाज उना का व?" म्हणजे, झाकण उघडलं तेव्हा आवाज आला का गं?

टाकीचं झाकण. मूळचं हरवलं होतं, मी दुसऱ्या एका गाडीचं बसवलं होतं. घट्ट, छान बसणारं, आणि हवेचं भोक नसलेलं. पेट्रोल जाईल तशी आत हवा यायला वाटच नव्हती.

त्याच संध्याकाळी टाकी पुन्हा भरून निघालो. गाडी आचके द्यायला लागताच उतरून झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

सगळ्या खुणा समोर होत्या. बॉइलचा नियम मी दरवर्षी वर्गात शिकवते. टाकीत पाचच लिटर असेल तर वर हवा भरपूर, अर्धा लिटर गेल्याने तिचा दाब फारसा उतरत नाही. टाकी काठोकाठ असेल तर वरची हवा मूठभर, तेवढाच अर्धा लिटर गेला की दाब झपाट्याने पडतो. आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानालाही उकळतं, म्हणून ओल्या फडक्याचा थोडा उपयोग होत होता. फडक्याने आम्हाला तीन आठवडे चुकीच्या वाटेवर ठेवलं. तेव्हा कोणाची गाडी टाकी भरल्यावर लवकर आणि रिकामी असताना उशिरा बंद पडत असेल, तर पंपाला हात लावायच्या आधी झाकण उघडून कान द्या.

झाकणाला दीड मि.मी.चं भोक पाडलं. ते तात्पुरतं आहे, मूळ पद्धतीचं झाकण धुळ्याच्या जुन्या पार्टवाल्याकडे सांगून ठेवलंय.

परवा आप्पांना पुढे बसवलं. उलटं उघडणारं दार त्यांनी स्वतः ओढलं. एरंडोलपर्यंत सलग, कुठेही न थांबता. परतताना म्हणाले, नदीच्या पुलावर हळू घे. घेतली. रिकाम्या, कोरड्या पात्राकडे बघत त्यांनी मला पुराच्या रात्री गाडी या काठाला ठेवून पलीकडच्या बाळंतिणीकडे चालत गेल्याचं सांगितलं. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

राहिलेली कामं: रेडिएटर पावसाळ्याआधी जळगावला देईन, चढावर तापमानाचा काटा जरा वर जातो. गिअरच्या दांड्याच्या खालच्या टोकाची बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) इतकी झिजलीय की दुसरा गिअर टाकताना अडकतो. कोणाकडे चांगल्या स्थितीतली बुश असेल तर तिचा आतला-बाहेरचा व्यास मोजून कळवा, लेथवाला नमुन्याबरहुकूम करून द्यायला तयार आहे.