दोन हजार घरं आणि एक शिक्षक

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ नुसार पुढच्या वर्षाच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. म्हणून करवाढीचे प्रस्ताव नेहमी त्याआधीच्या आठवड्यात येतात, घाईत आणि अर्धवट कागदांसह. त्या दिवशी लेखा विभागात माझ्याकडे आलेली नस्ती तशीच होती : शिक्षण विभागाची तूट भरून काढण्यासाठी मनपा शिक्षण करात २ टक्के वाढ. अभिप्राय संध्याकाळपर्यंत हवा होता.

मालमत्ता कराच्या बिलावर शिक्षणाच्या नावाने दोन ओळी असतात. त्यातला राज्य शासनाचा शिक्षण कर १९६२ च्या कायद्याने लागतो. पालिका तो वसूल करते आणि शासनाकडे भरते, आपल्या शाळांसाठी ठेवू शकत नाही. दुसरी ओळ मनपा शिक्षण कराची, वाढ तिच्यात होणार होती. खिडकीवर लोक विचारतात, ‘शिक्षण कर भरतोच की आम्ही, मग हा दुसरा कसला?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं नीट उत्तर खिडकीवर कोणी देत नाही.

कर लागतो करपात्र मूल्यावर, म्हणजे वर्षाच्या अपेक्षित भाड्यातून दुरुस्तीची १० टक्के वजावट करून जे उरेल त्यावर. करपात्र मूल्य १२,००० असलेल्या दोन खोल्यांच्या घराला २ टक्के वाढ म्हणजे वर्षाला २४० रुपये. प्रस्तावात हा आकडा ‘नाममात्र’ म्हणून लिहिला होता. तूट कशामुळे आली, याला मात्र एकच ओळ होती : ‘वेतनखर्चातील वाढ.’

ती ओळ मला पटली नाही. आमच्या प्राथमिक शिक्षकांच्या मान्य वेतनखर्चाची ५० टक्के रक्कम राज्याकडून अनुदान म्हणून येते. महागाई भत्ता वाढला की पालिकेचा भार वाढतो हे खरं, पण त्याबरोबर अनुदानही वाढायला हवं. शालार्थ या शिक्षकांच्या पगाराच्या शासकीय प्रणालीतला तीन वर्षांचा वेतनखर्च आणि जमा झालेलं अनुदान मी एका कागदावर शेजारी शेजारी लिहिलं. खर्च दरवर्षी वर गेला होता, अनुदान दरवर्षी खाली आलं होतं. भत्त्याने असं होत नाही. मान्य पदंच कमी झाली असणार.

पदं ठरतात संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक हे ठरवणाऱ्या शासनाच्या मंजुरीत. ३० सप्टेंबरची पटसंख्या धरतात, पण हल्ली त्यातली आधार वैध असलेलीच मुलं मोजली जातात. मी शाळानिहाय याद्या मागवल्या आणि पहिली ते चौथीच्या एका शाळेपाशी थांबलो. पटावर १२४ मुलं, वैध १०९. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात १२१ पासून २०० पर्यंत ५ शिक्षक आणि ९१ ते १२० ला ४. पंधरा मुलं गळाली आणि एक पद गेलं. त्या पदावरचे शिक्षक मात्र शाळेतच होते, कारण त्यांच्या समायोजनाची, म्हणजे दुसऱ्या शाळेतल्या रिकाम्या पदावर पाठवण्याची नस्ती शिक्षण विभागात पडून होती. त्यांचा पूर्ण पगार पालिका देत होती.

मुख्याध्यापक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “मुलं वर्गात आहेत सर, हजेरीपत्रक आणून दाखवते. पोर्टल घेत नाही त्यांना.”

पंधराही मुलांची कारणं त्यांना तोंडपाठ होती. चार मुलं बांधकामावरच्या मजुरांची, आधार काढलेलंच नाही. आठ जणांचं नाव किंवा जन्मतारीख जनरल रजिस्टरशी जुळत नव्हती : रजिस्टरला आडनाव आधी, आधारवर शेवटी, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. तिघांची नोंद आधीच्या खासगी शाळेच्या लॉगिनमध्ये अडकली होती, कारण फी बाकी म्हणून ती शाळा ट्रान्सफरची विनंती मान्य करत नव्हती. बाईंनी तीनदा लेखी कळवलं होतं. शिक्षण विभागात त्या पत्रांवर फक्त आवक क्रमांक पडले होते. याला मी हलगर्जीपणाच म्हणतो, तेव्हाही म्हणालो होतो.

मग हिशोब मांडला. त्या शिक्षकांचा पगार महिन्याला ८०,००० धरला तर वर्षाचे ९ लाख ६० हजार, आणि बुडालेलं निम्मं अनुदान ४ लाख ८० हजार. २४० रुपयांच्या वाढीने ते भरून काढायला २,००० घरं लागतात. पंधरा मुलांच्या नोंदी वेळेत दुरुस्त झाल्या नाहीत म्हणून दोन हजार कुटुंबांनी दरवर्षी पैसे द्यायचे. तेही बिल वेळेवर भरणाऱ्यांनीच. थकबाकीदारांना महिन्याला २ टक्के शास्ती लागते खरी, पण मार्च जवळ आला की अभय योजना निघते आणि शास्ती माफ होते. प्रामाणिकपणे भरणाऱ्याच्या डोक्यावर वाढ टाकायची आणि थकवणाऱ्याला सूट द्यायची, यावर माझा राग आहे.

अभिप्राय लिहिला : करवाढीची शिफारस करता येत नाही. वॉर्डनिहाय आधार दुरुस्ती शिबिरं सप्टेंबरच्या आत घ्यावीत, अडलेल्या ट्रान्सफर शिक्षणाधिकाऱ्यांच्या पातळीवर सोडवाव्यात, अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन करावं. हिशोबाचा तक्ता जोडला.

तेव्हा पालिकेत प्रशासक होते. स्थायी समिती आणि सभागृह या दोन्हींचे अधिकार एकाच सहीत, त्यामुळे प्रश्न विचारणारा नगरसेवक नव्हता. उपायुक्तांनी बोलावून तक्ता दोनदा वाचला आणि विचारलं, “शिबिरं घेतली तरी पदं मिळतील ती पुढच्या संचमान्यतेत. एप्रिलपासूनचे पगार कशातून देऊ?”

माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नव्हतं. थकबाकी वसुलीचं सुचवलं, पण वसुली एप्रिलमध्ये हातात येत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

करवाढ मागे घेतली गेली. अंदाजपत्रक छापून आलं तेव्हा शाळा दुरुस्तीचं लेखाशीर्ष, म्हणजे त्या कामासाठीची तरतूद, जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. कात्री लागलेल्या कामांच्या यादीत त्याच १२४ मुलांच्या शाळेच्या स्वच्छतागृहाचं काम होतं. सप्टेंबरच्या शिबिरात बाईंच्या पंधरापैकी तेरा नोंदी वैध झाल्या, पट १२२ धरला गेला आणि पद परत मिळालं. स्वच्छतागृहाला मात्र त्या वर्षी दार लागलं नाही. मुली मधल्या सुट्टीत घरी जाऊन येतात, असं बाईंनी सांगितलं. अभिप्राय मी आजही तोच लिहीन, पण तूट कोणत्या लेखाशीर्षातून भरू नये, हेही त्याच कागदावर लिहायला हवं होतं.