टोस्ट स्कागेन आणि अंत पाहणारं पाणी

लोण्यात परतलेला पाव, त्यावर मेयॉनेजमध्ये कालवलेली कोळंबी, शेपू आणि चमचाभर गाभोळी: हे टोस्ट स्कागेन. तोरे व्रेतमान या स्वीडिश बल्लवाचार्यांनी 1950 च्या दशकात ते प्रसिद्ध केलं. नाव मात्र डेन्मार्कच्या उत्तर टोकाच्या बंदराचं. इथे स्वीडनमधल्या गोथेनबर्गला नवीन वर्षाच्या जेवणाची सुरुवात बऱ्याच घरांत यानेच होते. पाककृती वाचून वाटतं, यात करायचंय काय?

करायचंय ते पाण्याचं. ‘कोळंबी निथळू द्या’ एवढं लिहून प्रत्येक पाककृती शेपूकडे वळते. किती वेळ, कशात, निथळल्यावर पुढे काय, एक अक्षर नाही. मी सोललेली, मिठाच्या पाण्यातली डब्याची कोळंबी आणली, चाळणीत निथळली, कालवली. दिसायला झकास. पाहुणे दाराशी बूट काढून आत येईपर्यंत भांड्याच्या तळाशी पांढुरकं पाणी! मीठ लावून ठेवलेल्या कोशिंबिरीसारखं. वर ठेवायला गेले तर पावाचा लगदा. चाळणीत जास्त वेळ ठेवून पाहिली, तरी तेच. वरचं पाणी जातं, आतलं नंतर सावकाश सुटत राहतं. शिवाय चव खारट आणि पोकळ. डब्यावर दोन वजनं छापलेली असतात, त्यातलं निथळलेलं वजन वाचा. पैसे कशाचे मोजतोय ते कळतं.

शेवटी सालासकट गोठवलेली आणली. आदल्या रात्री चाळणीत घालून, खाली वाडगा ठेवून फ्रिजमध्ये. घाई म्हणून गरम पाण्यात टाकायची नाही. सोलायला वेळ लागतो आणि किलोभरातून निम्म्याहूनही कमी गर निघतो, जीव हळहळतो. सोलल्यावर कागदी रुमालावर पसरायची, वरून दुसरा रुमाल हलक्या हाताने दाबायचा, रुमाल ओले झाले की बदलायचे. हे ‘निथळू द्या’मध्ये कुठे बसतं सांगा! लिंबाचा रस आत घालूच नका, फक्त साल किसा. फोड ताटात द्या. मेयॉनेज दाट हवं आणि कालवायचं अगदी वाढताना. मीठ चाखल्याशिवाय नको.

अरे हो, ही कोळंबी बोटीवरच उकडलेली असते, म्हणून गुलाबी. सासूबाईंना ते पटेना. “अगं, एक वाफ तरी काढ!” काढली तर रबर होतं. शेपूचं नाव ऐकून आमच्याकडे नाकं मुरडली गेली, पण इथे तो कच्चा आणि बारीक चिरून असतो, भाजीसारखा उग्र लागत नाही. काढून टाकलात तर नुसतं कोळंबी-मेयॉनेज उरेल.

गाभोळी खरी हवी तर उत्तर स्वीडनमधल्या, बोथनियाच्या आखाताकाठच्या कालिक्सची, केशरी. 2010 पासून तिच्या नावाला युरोपीय संघाचं संरक्षण आहे आणि किंमत तशीच. बरणीतली स्वस्त काळी चालते, पण ती रंगवलेली असते. आधी घातली तर मेयॉनेजवर राखाडी ओघळ येतात.

पाव कडा कापून दोन्ही बाजूंनी कुरकुरीत परता, पण जरा निवू द्या, नाहीतर मेयॉनेज वितळतं. साली-डोकी फेकू नका. उकळून गाळलेलं पाणी दुसऱ्या दिवशीच्या कालवणात घाला.