तुम्ही विचारलेत म्हणून: प्लेकोला लाकूड लागतेच का?

माझ्या घरी माशांच्या दोन टाक्या आहेत. हॉलमधल्या टाकीत एक काळपट मलेशियन ओंडका आडवा पडलेला आहे. आतल्या खोलीतल्या टाकीत पीव्हीसी पाइपच्या दोन तुकड्यांखेरीज काहीही नाही. प्लेको, म्हणजे तोंडाने काचेला किंवा लाकडाला चिकटून राहणारे तळाचे मासे, दोन्हींत आहेत. घरी येणारा मासे पाळणारा असला, की आतल्या टाकीपाशी तो हमखास विचारतो, "ड्रिफ्टवुडशिवाय प्लेको जगतो कसा?" आणि बाहेर येऊन तोच पुन्हा विचारतो, "लाकूड लागत नाही म्हणता, मग हे कशाला ठेवले आहे?" आजवर मी या प्रश्नाला तुटक आणि कधी कधी तुसडी उत्तरे दिली आहेत. आता एकदाच सविस्तर लिहिते.

मुळात 'प्लेको' हे एका माशाचे नाव नाही. त्या नावाखाली शेकडो जाती विकल्या जातात. दुकानात 'सकर' म्हणून पिशवीत बांधून देतात तो मासा मोकळ्या पाण्यात मातीच्या काठाला बिळे कोरून अंडी घालतो. टाक्यांतून बाहेर पडलेल्या त्याच्या वंशजांनी कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ जमिनींतही बस्तान बसवले आहे. त्याचे लाकडावाचून काही अडत नाही. तो दीड फुटापर्यंत वाढतो, पण दोन फुटी टाकीत तो मावेल का, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही.

माझ्या आतल्या टाकीत आहेत ते ब्रिसलनोज, हेही प्लेकोच. नर पाइपमध्ये बसून अंड्यांना पंखांनी वारा घालतो आणि पिल्ले काकडी, घोसाळे, उकडलेला पालक व तळाशी बुडणारे वेफर (माशांच्या खाद्याच्या चकत्या) यांवर वाढतात. त्यांच्या तीन पिढ्यांनी लाकडाला तोंड लावलेले नाही. "जगणे वेगळे आणि सुखाने जगणे वेगळे," असे मला सुनावले जाते. असेलही. त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही.

खरा प्रश्न प्लेकोंमधल्या पनाक या गटाचा आहे. चमच्याच्या आकाराच्या दातांनी हे मासे लाकूड खरोखर खरवडतात. २०१४ साली मी त्यांतला एक रॉयल प्लेको आणला, चार इंची, लाल डोळ्यांचा, राखाडी अंगावर काळ्या रेषा असलेला. विक्रेता म्हणाला, "याला लाकूड हेच जेवण, वेगळे काही द्यायला नको," आणि मला ते पटले. कारण तोवर मी स्वतःही दहा जणांना हेच सांगत होते. रात्री दिवा मालवला, की काचेबाहेर ऐकू येईल इतक्या स्पष्टपणे त्याचे खरवडणे सुरू होई. सकाळी ओंडक्यावर फिकट चरे दिसत आणि वाळूवर तपकिरी दोऱ्यांसारखी विष्ठा पसरलेली असे. दर रविवारी नळीने ती ओढून काढताना मला अभिमान वाटत असे. एवढी घाण आहे त्याअर्थी मासा पोटभर खातो आहे, असा माझा हिशेब होता. वरून टाकलेले खाद्य टेट्रा मासे पाण्याच्या पृष्ठभागावरच संपवत, त्यातला कणही तळाशी जात नसे. मी तिकडे लक्ष दिले नाही.

तिसऱ्या महिन्यात तो समोरच्या काचेला चिकटलेला असताना मला त्याचे पोट दिसले. ते खपाटीला गेले होते, आणि डोळेही खोल गेल्यासारखे वाटत होते. त्यावर मी काय केले, हे लिहायला मला अजून जड जाते. पहिले लाकूड जुने होऊन निकस झाले असेल अशी समजूत करून घेऊन मी बाजारातून दुसरा ओंडका आणला, तो उकळला, दोन आठवडे बादलीत भिजवला आणि टाकीत सोडला. मासा त्याच रात्री नव्या ओंडक्यावर गेला आणि मी निश्चिंत झाले. नऊ दिवसांनी तो त्याच ओंडक्याखाली मेलेला सापडला. त्या दिवशी मी प्रथमच वाळूवरचा तो तपकिरी दोरा उचलून बोटांत चुरडला. सुताराच्या रंध्याखालचा भुसा जसा लागतो, तसाच तो हाताला लागला. जसा आत गेला होता, तसाच बाहेर आला होता.

डोनोव्हन जर्मन या संशोधकाने नेमके हेच तपासले होते. लाकूड या माशांच्या आतड्यांतून चार तासांच्या आत बाहेर पडते, आणि प्रयोगशाळेत लाकडावर ठेवलेल्या माशांचे वजन घटले. लाकडाबरोबर पोटात जाणाऱ्या कुजक्या, मऊ सेंद्रिय थरावर ते जगत असावेत, असा त्याचा निष्कर्ष. तो निबंध माझा मासा मरण्याच्या पाच वर्षे आधी, २००९ मध्येच छापून आला होता. मी तो नंतर वाचला.

त्या वेळची मी आज समोर आली, तर म्हणेल, "मग हॉलमधून तो ओंडका काढून टाक." ते मला जमत नाही. तिथे आज दुसरा रॉयल प्लेको आहे. त्याच्या दातांची रचना खरवडण्यासाठीच आहे, आणि ओंडक्याखेरीज तो दिवसा कुठेही विसावत नाही. लाकडाने पाणी 'नैसर्गिक' होते, या युक्तिवादाला मात्र मी फारशी किंमत देत नाही. मुंबईच्या मऊ पाण्यात लाकडातून उतरणाऱ्या टॅनिनमुळे सामू (पीएच) थोडा उतरतो. बोअरच्या जड पाण्यात चहासारखा रंग चढण्यापलीकडे सहसा काही घडत नाही. म्हणजे मी त्याला लाकूड देते ते कामासाठी व आसऱ्यासाठी, आणि जेवण रोज रात्री दिवा मालवल्यावर वेगळे देते. हा भेद खरा आहे की जुन्या सवयीला दिलेले नवे नाव आहे, ते मला अजून ठरवता आलेले नाही. दर रविवारी बॅटरीच्या उजेडात मी त्याचे पोट पाहते.

तो दुसरा ओंडका बाल्कनीत वाळत पडला आहे. त्यावरचे चरे अजून दिसतात. कोणाला हवा असल्यास खुशाल न्यावा. घरात वेफरचा डबा आहे का, एवढे मी दारातच विचारीन.