लांब केसांचा कुत्रा आणि गोव्याचा पाऊस : माझा अनुभव

लांब केसांचा कुत्रा पाळायचा म्हणजे त्याला वरचेवर आंघोळ घालायची, असं आमच्या वाड्यावर सगळ्यांना वाटतं. आंघोळ हा त्यातला सगळ्यांत सोपा भाग. भाणातलं (पाणी तापवायच्या तांब्याच्या हंड्यातलं) कोमट पाणी काढलं, न्हाणीत उभं केलं, झालं. खरं काम असतं आधी विंचरण्याचं आणि नंतर वाळवण्याचं. डिचोलीत जुलै महिन्यात काही वाळवणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पडवीतल्या दोरीवरचा टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमटच लागतो, तिथे बोंडूचं काय.

बोंडू आमचा ल्हासा आप्सो. जात मूळची तिबेटची, थंड आणि कोरड्या हवेतली. वरचे केस लांब आणि जड, त्यांच्या खाली मऊ लव. नवऱ्याच्या मित्राची नोकरी परदेशात लागली आणि हा आमच्याकडे आला, तो कानांमागे आणि काखांत गाठी घेऊनच. शहरात कुत्र्यांचे केस करून देणारे आहेत, पण बोंडूला गाडी मानवत नाही. वळणं सुरू झाली की तो ओकतो. म्हणून घरीच करायचं ठरलं.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, आधी गाठी, मग पाणी. गाठ भिजली की आवळते, आणि वाळली की नमद्यासारखी घट्ट बसते. तिच्याखाली ओल कोंडते, कातडी लाल होते, कधी चिघळते. त्यामुळे कोरड्या केसांवरच काम करायचं. सामान मोजकंच घेतलं. बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, स्टीलचा कंगवा, गोल टोकाची कात्री. कॉर्नफ्लॉर स्वयंपाकघरातलंच. नवीन ब्रश मी आधी स्वतःच्या हातावर ओढून पाहिला. आपल्या हातावर ओरखडा उठतो तेवढा जोर लावला, तर कुत्र्याच्या पोटाची कातडी सोलूनच निघेल.

विंचरण्यात फसवणूक असते ती वरवरच्या चकाकीची. ब्रश पाठीवरून सरसर फिरतो, केस छान दिसतात आणि खाली कातडीजवळ सगळं गुंतलेलंच राहतं. म्हणून एका हाताने केसांचा थर वर उचलून धरायचा, कातडीची रेघ दिसू द्यायची आणि त्या रेघेतून निघालेली एकेक पट्टी खाली विंचरत वर सरकायचं. पायापासून सुरुवात करून पाठीच्या कण्यापर्यंत. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडता गेला, तरच तो भाग झाला. कंगवा हाच खरा परीक्षक, डोळे नव्हेत.

गाठ लागली की तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लॉर टाकायचं आणि बोटांनी बाजूबाजूने फोडत जायचं. मुळाशी केस चिमटीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. नाहीच सुटली तर कात्रीने गाठीला केसांच्या दिशेने उभे छेद द्यायचे, मग तिचे पातळ धागे विंचरता येतात. गाठ सरळ आडवी कापायला मात्र हात धजावत नाही. गाठ ओढली की तिच्यासोबत कातडीही वर उचलली जाते, आणि केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली ते कळत नाही. कापायचीच झाली, तर आधी गाठ आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवायचा आणि कंगव्याच्या वरून कात्री चालवायची.

हे सगळं एका बैठकीत होत नाही. आज कान, उद्या काखा, परवा शेपूट. बोंडूचा धीर संपण्याआधी आपणच थांबायचं. सासूबाई त्याला देवघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत, पण पडवीत त्याच्या हनुवटीखाली हात धरून बसायचं काम त्यांनी आपणहून घेतलंय. त्यांचा हरिपाठ पुटपुटणं चालू असतं, आणि बोंडू अर्धे डोळे मिटून उभा.

आंघोळीबद्दल थोडंच. माणसांचा शाम्पू नको. आपल्या कातडीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण ५.५, कुत्र्याचा ७ च्या आसपास, त्यामुळे आपला शाम्पू त्याची कातडी कोरडी करतो. कुत्र्याचा शाम्पूही मगभर पाण्यात पातळ करून घ्यावा, म्हणजे निघायला सोपा जातो. राहिलेला फेस खाज आणतो. कानांत कापूस, आणि तोंड फक्त ओल्या फडक्याने पुसायचं. कुत्र्याच्या कानाची नळी आत जाऊन काटकोनात वळते, आत गेलेलं पाणी सहजी बाहेर येत नाही. पावसाळ्यात ही आंघोळ मी होईल तितकी लांबवते.

आता वाळवणं. टॉवेलने चोळलं की नव्या गाठी तयार, म्हणून नुसतं दाबून टिपायचं, टॉवेल बदलत राहायचं. मग ड्रायर, सर्वांत कमी उष्णतेवर, एका जागी न थांबवता, आणि ड्रायरच्या मागोमाग ब्रश. पंख्याखाली बसवून भागत नाही. वरचे केस वाळतात, लव ओली राहते, आणि दोन दिवसांत तो कुबट वास येतो जो आमच्याकडे पावसाळ्यात कपाटालाही येतो. केसांच्या मुळाशी बोट टेकवून पाहायचं. गार लागलं तर अजून ओल आहे. आता गंमत अशी की ड्रायर हजार-बाराशे वॅटचा, आणि आमच्याकडे जोराचा पाऊस आला की लाईट जाते. घरचा इन्व्हर्टर पंखा आणि दिवे ओढतो, ड्रायर नाही. त्यामुळे आकाश बघून, सकाळी लवकर, लाईट असताना, हा एकच नियम. ढग दाटले असतील तर आंघोळ रद्द. तेवढ्यापुरते चिखलाचे पाय धुवायचे आणि पंजे बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करायचे.

पायांवरून आठवलं. बोंडूचे पुढचे पंजे तांबूस झाले होते आणि आम्ही सगळे ते जांभ्याच्या लाल मातीवर ढकलून मोकळे झालो होतो. डॉक्टरांनी पंजा उलटा करून दाखवला. मातीचा लाल रंग धुतल्यावर जातो. लाळेतल्या आणि अश्रूंतल्या पॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचा विटकरी डाग राहतो. म्हणजे हा पाय चाटतोय, म्हणजे बोटांत खाज आहे. खाज ओलीची निघाली. आता पंजाच्या तळव्याच्या गादीबरोबर येतील असे तिथले केस कापते, चिखल अडकायला जागाच राहत नाही.

विंचरताना बोटांना गोचीड लागतात, हा रोजच्या विंचरण्याचा मोठा फायदा. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. नखाने चिरडायची नाही, रॉकेल तर लावायचंच नाही. तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावरून उतरून भिंतीच्या फटींत अंडी घालते, आणि आमचं घर चिऱ्यांचं, पडवीच्या भिंतीला फटीच फटी. त्या बुजवल्या, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी दर महिन्याला चालू आहे. गोचिडीचा ताप काय असतो, ते गावात कुत्रा असलेल्या कुठल्याही घरी विचारा.

शेजारच्या काकींचं म्हणणं वेगळंच. “मे महिन्यात बोडून टाक गो त्याला, किती उकडतंय बिचाऱ्याला.” कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांतून, अंग गार होतं ते धापा टाकून. अगदी कातडीपर्यंत केस काढले तर उन्हाची झळ थेट बसते. ल्हासाचे केस पुन्हा वाढतात, म्हणून त्याला इंचभर ठेवून छोटे करायला हरकत नाही, आणि मी मेमध्ये तेच करते. मशीनचं पातं तापतं, म्हणून मधूनमधून मनगटाला लावून बघते. पण काकींचा स्वतःचा पॉमेरेनियन आहे. त्याची लव दाट, तो एकदा पूर्ण भादरला तर केस नीट परत येतीलच असं नाही. हे त्यांना सांगून झालंय. पटलंय की नाही, ते मे महिन्यात दिसेल.

राहिली नखं. बोंडूची नखं काळी, आतली रक्ताची शीर दिसत नाही. पातळ पातळ काप घेत जायचं, कापल्या जागी मधोमध गडद ओलसर ठिपका दिसला की थांबायचं. रक्त आलंच तर तेच कॉर्नफ्लॉर दाबून धरायचं. अडचण दुसरीच आहे. सासूबाईंच्या मते दिवेलागणीनंतर नखं कापायची नाहीत आणि शनिवारी तर नाहीच, आणि हा नियम त्यांनी कुत्र्यालाही लागू केलाय. माझी सुट्टी शनिवार-रविवारची. म्हणून नखं रविवारी सकाळी, आंघोळीच्या आधी, आणि तीही लाईट असली तरच, कारण पडवीत पावसाळी उजेडात तो ठिपका दिसत नाही.