लिस्बनचे बिनछपराचे चर्च

लिस्बनला येणारे बहुतेक पर्यटक अठ्ठावीस क्रमांकाच्या पिवळ्या ट्रामसाठी रांग लावतात; आम्ही मात्र त्या गर्दीचा नाद सोडून चढ चढत पायीच कार्मो मठ गाठला आणि ते बरेच झाले. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, शहर भूकंपाने हादरले, पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आत शिरल्या आणि उरलेसुरले आगीने गिळले. त्या दिवशी कोसळलेले या चर्चचे छप्पर पुन्हा कधी पूर्ण झालेच नाही. टोकदार दगडी कमानी आजही उघड्या आभाळाखाली बरगड्यांसारख्या उभ्या आहेत आणि जिथे भाविक प्रार्थनेला बसत, तिथे थेट ऊन पडते. भूकंपाची कल्पना देण्यासाठी वेगळ्या माहितीफलकाची गरजच उरत नाही.

खालचा बायशा हा भाग पोंबाल या मंत्र्याने काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांसह नव्याने वसवला. तेथील घरांच्या भिंतींत भूकंपात तग धरण्यासाठी लाकडी सांगाडा बसवलेला आहे, हे मला एखाद्या राजवाड्यापेक्षा अधिक पाहण्याजोगे वाटले.

लिस्बनच्याच बेलें भागातल्या जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर असून तिच्यावर गलबत कोरलेले आहे. गोव्यातले एक शहर ज्याचे नाव वागवते, तो हा दर्यावर्दी १५२४ साली कोचीत वारला आणि त्याच्या अस्थी नंतर पोर्तुगालला आणल्या गेल्या. मठाजवळच, दालचिनी भुरभुरून मिळणारे कस्टर्डचे टार्ट गरम असतानाच खावेत.