पोढी

मुंबईतल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांच्या डोंगरात आम्ही पोढ्या मोजत होतो. पोढी म्हणजे कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं. इथल्या शिलालेखांत पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत, म्हणून कामावर आम्हीही तोच शब्द धरला. मी भूशास्त्राची, लांबी, रुंदी, खोली, भेगा, झीज, एवढं टिपायचं.

जूनचा दुसरा आठवडा. दुपारीच अंधारून आलं. टेप आणि वही पोटाशी धरून मी वरच्या एका विहाराच्या ओसरीत शिरले, मागोमाग सोबतचे वनमजूर दादा.

इथल्या दगडावर माझा जीव आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला लाव्हा थंड होताना त्याचे सरळ उभे स्तंभ झाले. कान्हेरीचा खडक मात्र ब्रेशिया. ज्वालामुखीने फोडलेले कोनदार तुकडे राखेत गच्च रुतलेले. भिंतीवर हात फिरवला की ते बोटांना लागतात. छिन्नी एका घावाला मऊ राखेत उतरत असेल, पुढच्या घावाला टणक तुकड्यावर आपटत असेल. अशा दगडात माणसांनी शंभराहून जास्त लेणी कोरली, इसवी सनाआधीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळपास हजार वर्षं.

समोरच्या कातळात चार बोटं रुंद एक खाच होती. आठवडाभरापूर्वी मी तिच्यापुढे ‘झीज’ लिहून मोकळी झाले होते. पावसाने जोर धरला आणि वरच्या उतारावरचं पाणी त्या खाचेत गोळा झालं, गुहेच्या दाराला वळसा घालून पोढीकडे निघालं. आणि तोंडाशी तुंबलं.

दादा पावसातच उतरले, मीही गेले. कुजलेली पानं, गाळ, वेफर्सची एक पिशवी. ओंजळींनी उपसलं तसं पाणी धबकन आत पडलं. किती वेळ आम्ही नुसते त्याचा आवाज ऐकत उभे होतो!

“पानं काढली तर दरसाल भरते ही, मॅडम,” दादा म्हणाले.

पावसाळा सरला की पुढचे आठ महिने इथल्या भिक्षूंचं पिणं-धुणं अशाच साठ्यावर चालायचं. बहुतेक लोक तीन नंबरच्या चैत्यगृहातल्या उंच बुद्धमूर्ती पाहून खालूनच परततात. त्यांनी एकदा भर पावसात वर यावं, असं मला फार वाटतं.

रात्री वही चाळली. ‘झीज’ सतरा ठिकाणी लिहिलेलं सापडलं. सकाळी त्यातल्या पहिल्या जागी आम्ही खराटा घेऊन गेलो.